आता दुसरी बाजू

नमस्कार, श्रोतेहो.

कॉलेजात माझ्या एका वर्गमैत्रिणीच्या अंबाड्यात सहा पिना असायच्या. दोन डावीकडे, तीन उजवीकडे आणि एक अगदी खाली, मानेपाशी. ही शेवटची दर दहा मिनिटांनी अर्धी बाहेर डोकवायची. मला हे इतकं नेमकं आठवतं, कारण त्या सत्रातला निम्मा बॅले मी तो अंबाडा आणि त्याच्याखालचे दोन पाय बघून केला. ती पाय पुढे नेई, मी पुढे नेई. ती वाके, मी वाके. मला वाटे, मी बॅले शिकतेय.

तर आज बोलायचं आहे ते कॉलेजातल्या बॅलेच्या पहिल्या वर्गाबद्दल. व्यावसायिक नर्तकांचा बॅले वेगळा, मी म्हणतेय तो अठराव्या-विसाव्या वर्षी, ऐच्छिक विषय म्हणून घेतलेला. अशा वर्गात सगळ्या तऱ्हेची मंडळी येतात. कुणी नाटकात काम करणारा, कुणी गुडघा दुखावलेला धावपटू, कुणी लहानपणी दोन वर्षं शिकून सोडून दिलेला. आणि कुणी माझ्यासारखी, वेळापत्रकात तेवढाच तास रिकामा होता म्हणून आलेली.

माझ्यासारख्यांना वाटतं, पहिल्या आठवड्यात आपल्याला पायाच्या टोकावर उभं करणार. मुळीच नाही. ते टोकावर उभं राहायचे बूट, कापड आणि गोंदाचे थर चढवून पुढून टणक केलेले, ते कित्येक वर्षांच्या तयारीनंतर पायात येतात. मारी ताल्योनी या नर्तकीनं १८३२ साली पॅरिसमध्ये 'ला सिल्फीद' हा बॅले नाचताना टोकावर उभं राहण्याला जी कीर्ती मिळवून दिली, ती आपल्या वाट्याला पहिल्या सत्रात येत नाही. आपल्याला मिळतात मऊ, चपटे, कापडी किंवा चामडी बूट. त्यांचं इलॅस्टिक पुष्कळदा आपणच शिवायचं असतं. बटण लावता येतं त्याला हेही येतं, पण आमच्या वर्गात निम्म्यांनी ते सेफ्टीपिनेनं लावलं होतं. मला याचा राग येतो. विद्यापीठाची पदवी घ्यायला निघालेल्या माणसाला सुईत दोरा ओवता येऊ नये? असो. सेफ्टीपिन उघडली की थेट घोट्यात, एवढंच सांगते.

वर्ग सुरू होतो बारपाशी. बार म्हणजे भिंतीला कमरेच्या उंचीवर लावलेला आडवा दांडा. दुसरा बार मनात आणू नका, आमच्याकडे तो विनोद पहिल्याच दिवशी होऊन गेला. आता नीट ऐका: बारवर हात ठेवायचा, बार धरायचा नाही. पुन्हा सांगते, हात ठेवायचा, धरायचा नाही. घट्ट धरलात की खांदा वर चढतो, अंग दांड्याकडे झुकतं, आणि तोल कुठे आहे ते अंगाला कळतच नाही. आमच्या बाई येता येता आमची बोटं एकेक करून उचलायच्या. पहिल्या महिन्यात माझं पाचवं बोट उचललं की मी हमखास कलंडायचे. घरी सराव करणार असाल तर ओट्याला हात लावून करा. खुर्चीला धरू नका, ती तुमच्याबरोबर येते.

दुसरी गोष्ट, पाय बाहेर वळवणं. टर्नआउट म्हणतात त्याला. टाचा जुळवून पावलं बाहेरच्या बाजूला उघडायची, ही पहिली पोझिशन. तिथे सगळे नवशिके काय करतात? पावलं जमिनीवर दाबून जबरदस्तीनं फाकवतात आणि गुडघे राहतात समोर बघत. तसं करू नका. दार कुठे फिरतं? बिजागरीपाशी. कडीपाशी कधी फिरलेलं पाहिलंय? पायाची बिजागरी खुब्यात आहे. खुब्यातून मांडी जेवढी वळेल, तेवढंच पाऊल वळवायचं. प्रत्येकाच्या खुब्याच्या सांध्याची ठेवण वेगळी असते, म्हणून शेजारणीचं पाऊल तुमच्यापेक्षा जास्त वळलं तर तिच्यावर जळू नका. जबरदस्ती केलीत तर त्याची किंमत गुडघा मोजतो. प्लिए करताना, म्हणजे गुडघे वाकवताना, गुडघा पावलाच्या बोटांच्या रेषेत जातोय ना, तेवढं बघा. खुब्यातून, श्रोतेहो, खुब्यातून.

आणि ते शब्द! प्लिए म्हणजे वाकलेलं, तांद्यू म्हणजे ताणलेलं, रलवे म्हणजे उचललेलं, फोंद्यू म्हणजे वितळलेलं. मांजरीच्या उडीला पा द शा, म्हणजे मांजरीचं पाऊल. सगळं फ्रेंच, कारण हे शास्त्र फ्रान्सच्या दरबारात बांधलं गेलं. चौदावा लुई स्वतः नाचायचा. १६५३ साली, चौदा वर्षांचा असताना, तो उगवता सूर्य होऊन दरबारात नाचला आणि १६६१ मध्ये त्यानं तेरा नृत्यगुरूंची नृत्य अकादमी स्थापन केली. पायाच्या पाच पोझिशन बांधण्याचं श्रेय त्याच्या पदरच्या पिएर बोशां यांना देतात. आम्हाला या शब्दांची लेखी परीक्षा होती. 'वितळलेलं' म्हणजे काय ते कागदावर लिहून मी पूर्ण गुण मिळवले होते. पायाचं वितळणं अजून व्हायचं होतं.

आता ज्यासाठी मी इथे बसलेय ती गोष्ट सांगते. निर्मात्यांनी मघाशीच घड्याळ दाखवलंय, पण ही गोष्ट लहान होत नाही.

बारवरचा प्रत्येक व्यायाम दोनदा होतो. आधी डावा हात बारवर, म्हणजे उजवा पाय बाहेरच्या बाजूला. काम तो करतो. ते झालं की बाई म्हणतात, "आता दुसरी बाजू." सगळे बारकडे तोंड करून वळतात. आता उजवा हात बारवर आणि काम डाव्या पायाला. साधं आहे. पण यात एक मेख आहे, आणि ती मला दोन महिने दिसली नव्हती. वळलं की रांग उलटी होते. जो पहिला तो शेवटचा, आणि जो शेवटचा तो पहिला.

दिसली नव्हती, कारण मी कायम रांगेच्या मधोमध उभी राहायचे. इकडे वळले की पुढे सहा पिना. तिकडे वळले की पुढे एका मुलाचा हिरवा टीशर्ट. दोन्हीकडे सोय. त्या दिवशी ग्रंथालयात पुस्तक परत करायला गेले आणि उशीर झाला. मधली जागा गेली होती. बारच्या अगदी टोकाला, खिडकीपाशी, एक जागा उरली होती. आम्ही त्या बारवर नऊजण होतो. मी नववी.

पहिली बाजू छान झाली. चार तांद्यू, म्हणजे पाय ताणून पाऊल जमिनीवरून सरकवत नेणं, पुढे, चार बाजूला, चार मागे, पुन्हा चार बाजूला. मग दोन प्लिए, मग टाचा उचलून तोल. पुढे आठ पाठी होत्या, मी आरामात होते. "आता दुसरी बाजू," बाई म्हणाल्या. मी वळले.

समोर खिडकी. खिडकीत बाहेरच्या भिंतीवर बसलेलं एक कबूतर. बाकी कुणी नाही.

पियानोवाल्या काकांनी सुरुवातीच्या चार मात्रा वाजवल्या. आमच्या वर्गात प्रत्यक्ष पियानो वाजायचा, ही मोठी चैन होती. माझं ठाम मत आहे की रेकॉर्डवर नाचणं म्हणजे भिंतीशी गप्पा मारणं; माणूस वाजवत असला की तो तुमच्या श्वासाला थांबतो. ते जाऊ दे. चार मात्रा संपल्या, आणि माझं डोकं स्वच्छ, पुसलेल्या फळ्यासारखं. पुढे जायचं हे आठवत होतं. कोणत्या पायानं, ते नाही. पहिल्या बाजूला उजवा होता ना? मग उजवा.

उजवा पाय आता भिंतीकडचा होता. पण गंमत बघा, पुढे चार तांद्यू त्या पायानंही होतात, कारण पुढे काही आड येत नाही. एक, दोन, तीन, चार. मला तर वाटलं, झकास जमतंय. मग आलं 'बाजूला'.

धप्.

माझं पाऊल भिंतीवर आपटलं. आणि एका मात्रेचाही उशीर न होता माझ्यामागे धप्, धप्, धप्. आठ पावलं भिंतीवर. माझं एक आणि मागच्या सातांची सात. म्हणजे ती सगळी मंडळीसुद्धा पुढच्याचं बघूनच नाचत होती! सहा पिनांवाली, जिच्यावर मी इतके दिवस विसंबून होते, ती माझ्या पाठीकडे बघून भिंतीला लाथ मारत होती.

शहाण्या माणसानं इथे पाय बदलला असता. मी दुसऱ्यांदा भिंतीवर पाय मारला. घाबरलं की माणूस चालू असलेलंच चालू ठेवतो. दुसऱ्या वेळचा आवाज पहिल्यापेक्षा मोठा आला. तिसऱ्या वेळचा त्याहून. चौथ्याला पियानो थांबला, आणि काका मान खाली घालून खांदे हलवत होते.

बाई ओरडल्या नाहीत. त्या सावकाश चालत रांगेच्या मागच्या टोकाला गेल्या. तिथे शेवटी लहानपणी शिकलेला एक उंच मुलगा उभा होता. पहिल्या बाजूला तोच सगळ्यांच्या पुढे होता. बाईंनी त्याला विचारलं, "तू डाव्या पायानं सुरू केलं होतंस ना?"

"हो बाई."

"मग आता उजवा पाय भिंतीला का लागलाय?"

तो गोरामोरा झाला. म्हणाला, "सगळेच उजव्यानं करत होते. मला वाटलं, माझंच चुकलं असेल. म्हणून बदलला."

बाई आम्हा सगळ्यांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "नऊजणांत एकाचं बरोबर होतं. त्यालाही तुम्ही सुधारलंत."

त्यावर जे हसू फुटलं, त्यात बारवर हात ठेवायचा की धरायचा, कुणालाच भान राहिलं नाही. सहा पिनांवाली तर बारवर ओणवी झाली होती. तिची ती खालची पिन त्या दिवशी कायमची पडली. आम्ही तास संपल्यावर गुडघ्यांवर बसून शोधली, सापडली नाही.

हसू ओसरल्यावर बाई माझ्यापाशी आल्या. मला वाटलं, आता मधे उभी करतील. त्या म्हणाल्या, "सत्र संपेपर्यंत तुझी जागा हीच. पुस्तक आदल्या दिवशी परत करत जा." आणि पियानोकडे वळून, "पुन्हा. दुसरी बाजू."

त्यानंतर खिडकीपाशी मी जे शिकले, ते चटकन सांगून टाकते, कारण वेळ खरोखरच संपतोय. बाई व्यायाम दाखवत असतात तेव्हा नुसतं बघू नका. हातांनी पाय केल्यासारखं करा, तोंडातल्या तोंडात नावं घ्या: पुढे, बाजू, मागे, बाजू. नावं घेतली की ती दोन्ही बाजूंना चालतात. उजवा-डावा लक्षात ठेवलात तर माझ्यासारखं होतं. बाहेरचा पाय काम करणारा, भिंतीकडचा पाय उभा. आणि उभ्या पायाकडे लक्ष द्या. नवशिके सगळे हलणाऱ्या पायाकडे बघतात. सगळं वजन तोलतो तो उभा पाय, गुडघा ताणून, पाऊल आत न कोलमडू देता. दुसऱ्या बाजूचा उभा पाय नेहमी कच्चा निघतो. माझा अजूनही निघतो.

आरशाबद्दल एकच वाक्य: बारच्या वेळी आरशावर पडदा टाकावा, असं माझं मत आहे, आणि ते कुणीही मानत नाही.

सत्राच्या शेवटच्या आठवड्यात एक नवी मुलगी आमच्या वर्गात बसून बघायला आली. पुढच्या सत्रात नाव घालणार होती. बाईंनी तिला नुसतं बसू दिलं नाही, बूट काढून मोज्यांवर बारला उभं केलं, बरोबर माझ्यापुढे. दुसऱ्या बाजूला वळलो तसा मला मानेवर कुणीतरी बघत असल्याचा भास झाला. मी डाव्या पायानं सुरू केलं. तास संपल्यावर ती म्हणाली, "ताई, तुमच्या अंबाड्यातली एक पिन निघालीय."

बारनंतर खोलीच्या मध्यावर जायचं असतं, तिथे दांडा नाही, पाठ नाही, काही नाही. तिथलं ते पिरुएट, गिरकी घेताना नजर एका जागी खिळवून शेवटच्या क्षणी डोकं फिरवायचं, ते सगळं राहिलंच. निर्माते आता दोन्ही हात हलवतायत. बॅलेचा तासही असाच संपतो: आधी बाईंना वाकून, मग पियानोवाल्याला वाकून. त्याला रेव्हरान्स म्हणतात. तेव्हा काचेपलीकडच्या निर्मात्यांना आणि तुम्हा सगळ्यांना, नमस्कार.