बॉलला दम लागत नाही

नमस्कार, श्रोतेहो. मी बोलतेय अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातून. इथे हिवाळ्यात आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मी एका हायस्कूलच्या जिममध्ये, कोर्टाच्या कडेच्या लांब टेबलामागे बसते. पुढ्यात एक काळा डबा असतो, बुटाच्या खोक्याच्या निम्म्या आकाराचा. त्यावर एक खटका आणि एक लाल बटण. खटका वर केला की घड्याळ चालतं, खाली केला की थांबतं, आणि लाल बटण दाबलं की परत 35 वर येतं. दोन्ही बास्केटांच्या वर पाट्या लावल्यात, त्यांवर आकडे उतरत जातात. 35, 34, 33. भोंगा वाजायच्या आत बॉल हातातून सुटायला हवा आणि निदान रिंगला तरी लागायला हवा. नाहीतर बॉल समोरच्यांना.

याला शॉट क्लॉक म्हणतात. आणि हायस्कूलच्या बास्केटबॉलमध्ये ते असावं की नसावं, यावर इथली शहाणीसुरती माणसं पार्किंगमध्ये उणे वीस तापमानात उभी राहून भांडतात. मीही भांडलेय.

मी बास्केटबॉलवाली नव्हे. मी मूळची सांगली जिल्ह्यातली, शाळेत कबड्डी खेळायचे, उजवा कोपरा. बास्केटबॉल माझ्या घरात आला तो लेकीमुळे. आणि शॉट क्लॉकवर माझं मत पक्कं झालं ते 2022-23 च्या हिवाळ्यात, एका गावाच्या छोट्या जिममध्ये. मिनेसोटात तेव्हा हे घड्याळ अजून आलं नव्हतं.

आमच्या मुली एका गुणानं मागे होत्या, साधारण चार मिनिटं बाकी. समोरच्या टीमच्या कोचनं दोन बोटं वर केली. एवढंच. त्यानंतर त्यांच्या मुलींनी बास्केटकडे बघणंच सोडून दिलं. एकजण मध्यरेषेच्या पुढे उभी राहून बॉल टपटप करायची, कोणी अंगावर आली की कोपऱ्यातलीला पास, तिच्यावर कोणी धावली की परत मधलीला. आमच्या पाचजणी कुत्र्यामांजराच्या खेळासारख्या धावत होत्या. माझी लेक घामानं निथळत होती आणि जिच्या हातात बॉल होता ती एका हातानं केस सारखे करत होती. शेवटी आमच्या मुलींनी मुद्दाम फाउल केले, त्यांनी फ्री थ्रो घातले, मॅच संपली. नियम कोणीच मोडला नव्हता. जिममध्ये बसलेल्या त्यांच्याच गावच्या एक आजी मात्र चक्क विणकाम काढून बसल्या होत्या.

घरी येताना मला आमचं शाळेमागचं मैदान आठवत होतं. कबड्डीत हे चालेल का? चढाईला आलेली मुलगी मध्यरेषेपाशी घुटमळत राहिली तर काय होतं? तिचा दम संपतो. आमच्या वेळी हातात घड्याळ घेऊन कोणी बसत नसे. पंचाचा कान चढाईवालीच्या तोंडाकडे असायचा. ‘कबड्डी कबड्डी’ तुटलं की संपलं. शिवाय निदान रेषा, म्हणजे समोरच्यांच्या अंगणात आखलेली रेषा, ओलांडल्याशिवाय परत गेलीस तर बादच. म्हणजे आपल्या खेळात घड्याळ छातीतच बसवलेलं आहे. आणि तेवढंही पुरेना, तेव्हा आपण वरून आणखी घातलं. 2014 ला प्रो कबड्डी सुरू झाली, तिथे चढाईला 30 सेकंद, आणि सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचा किंवा बाहेर बसायचं. आघाडी घेतली की वेळ काढायची ही खोड काही अमेरिकेचीच नाही. खोड सगळीकडची, औषध तेवढं वेगवेगळं.

बास्केटबॉलची अडचण अशी की बॉलला दम लागत नाही. तो एकीकडून दुसरीकडे फिरवला की पळणारीलाच धाप लागते, धरणारीला नाही. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे. कोपरारक्षक होते मी, पकड करणारी. बचाव करणाऱ्यांच्या कष्टाला काहीतरी फळ असलंच पाहिजे. 35 सेकंद पाच मुलींनी नेटानं अडवून धरलं, तर बॉल त्यांना मिळाला पाहिजे.

यावर इथले जुने कोच एक उत्तर देतात, आणि ते अगदीच पोकळ नाही. ते म्हणतात, हायस्कूलच्या नियमांत आधीपासून सोय आहे. दहा सेकंदांत अर्धं कोर्ट ओलांडायचं, आणि बॉलवालीच्या सहा फुटांच्या आत कोणी अडवायला उभी असली, तर पुढच्या अर्ध्यात तिला पाच सेकंदांहून जास्त वेळ बॉल धरता येत नाही, टपटप करतही राहता येत नाही. मग पुढे या ना अडवायला! मागे दडून बसता कशाला? खरं आहे. पण ते पाच सेकंद रेफरी मनात किंवा हात हलवून मोजतो, आणि एक पास गेला की मोजणी पहिल्यापासून. पास देणारी जरा बरी असली की हा नियम कागदावरच राहतो.

आता थोडं मागे जाते, कारण या घड्याळाची गोष्ट माझ्याच शहराशी बांधलेली आहे. 22 नोव्हेंबर 1950. आज लॉस एंजलिसची म्हणून ओळखली जाणारी लेकर्स ही व्यावसायिक टीम तेव्हा आमच्या मिनिआपोलिसची होती. त्यांच्याकडे जॉर्ज मायकन, सहा फूट दहा इंच. त्याला अडवणं कोणालाच जमत नव्हतं. त्या रात्री फोर्ट वेन पिस्टन्स इथे खेळायला आले आणि त्यांनी ठरवलं, मायकनला अडवायचंच कशाला, बॉल द्यायचाच नाही. धरून उभे राहिले. लोकांनी हुर्यो उडवली. 48 मिनिटांच्या मॅचचा निकाल: पिस्टन्स 19, लेकर्स 18. त्या 18 पैकी 15 एकट्या मायकनचे. एनबीएच्या, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगच्या, इतिहासात यापेक्षा कमी गुणांची मॅच आजवर झालेली नाही. तिकीट काढून ती बघितलेल्यांची मला खरंच दया येते.

चार वर्षांनी यावर तोड काढली ती न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूस गावच्या डॅनी बियासोन यांनी. माणूस इटलीत जन्मलेला, गावात बोलिंगची जागा चालवायचा, आणि तिथल्या नॅशनल्स टीमचा मालक. हिशोब वाण्याचा. चांगल्या रंगलेल्या मॅचमध्ये दोन्ही टीम मिळून साधारण 120 शॉट मारतात. 48 मिनिटं म्हणजे 2880 सेकंद. भागिले 120. उत्तर 24. आजही जगभर जो 24 चा आकडा चालतो, तो असा आला. घड्याळ लागलं त्या पहिल्याच मोसमात दर टीमची सरासरी 79 वरून 93 वर गेली, आणि विजेतेपद मिळालं ते बियासोन यांच्याच टीमला.

या गोष्टीतला मला आवडणारा तुकडा वेगळाच आहे. त्या घड्याळाची पहिली चाचणी ऑगस्ट 1954 मध्ये झाली ती सिरॅक्यूसमधल्या एका हायस्कूलच्या जिममध्ये. म्हणजे शॉट क्लॉक जन्मलं हायस्कूलमध्ये, आणि हायस्कूलच्याच देशभरच्या नियमांत यायला त्याला सहा-सात दशकं लागली.

कॉलेजांनीही वेळ घेतला. कॉलेजच्या मुलींनी 1970 मध्येच 30 सेकंदांचं घड्याळ घेतलं. मुलांच्या खेळात ते यायला 1985 उजाडलं, तेही 45 सेकंदांचं. हे मी जिथे संधी मिळेल तिथे सांगते.

हायस्कूलचे नियम ठरवते ती राज्यांच्या क्रीडा संघटनांची राष्ट्रीय संस्था, तिचं ऑफिस इंडियानापोलिसला. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स अशी आठ राज्यं आधीपासून आपल्या मनानं घड्याळ वापरत होती. त्याबद्दल त्यांना नियम-समितीत बसता येत नसे. घड्याळ लावा नाहीतर मत द्या, दोन्ही नाही. मे 2021 मध्ये संस्थेनं दार किलकिलं केलं: 2022-23 पासून ज्या राज्याला हवं त्यानं 35 सेकंदांचं घड्याळ लावावं, सक्ती नाही. मिनेसोटानं ते 2023-24 पासून लावलं, शाळेच्या मुख्य टीमपुरतं, मुलं-मुली दोघांना. त्याच सुमारास, फेब्रुवारी 2022 मध्ये, घड्याळ नसलेल्या ओक्लाहोमात हायस्कूलची एक मॅच 4 विरुद्ध 2 अशी संपली होती. चार विरुद्ध दोन! फुटबॉलचा स्कोअर वाटावा.

विरोध करणाऱ्यांचं सगळ्यात वजनदार म्हणणं छोट्या शाळांचं आहे. शेतीवाडीच्या भागातली शंभरेक मुलांची शाळा, समोर शहरातली हजार-दोन हजारांची, तिच्यात सहा फूट सहा इंचाची दोन पोरं. बॉल धरून ठेवणं हे त्या छोट्या शाळेचं एकमेव हत्यार. ते काढून घेतलंत तर तिनं लढायचं कशानं? मला हे ऐकून आत कुठेतरी हलतं, कारण आम्हीही छोट्याच शाळेतले. पण मग इथलेच म्हातारे लोक मला 1960 ची एजर्टनची गोष्ट सांगतात. तेव्हा मिनेसोटात लहान-मोठ्या सगळ्या शाळांची एकच स्पर्धा असायची, आणि एजर्टन नावाच्या चिमुकल्या गावानं ती जिंकली. फायनलमध्ये त्यांचे गुण होते 72. बॉल दडवून 72 गुण होत नाहीत.

आमच्या बाजूचे लोक जे म्हणतात, तेही मला सगळं पटत नाही. ‘मुलांना पुढे कॉलेजात खेळायचंय, तिथे घड्याळ आहे, सवय हवी.’ अहो, हायस्कुलात खेळणाऱ्या शंभरातली तीन-चार पोरं कॉलेजच्या टीमपर्यंत जातात. उरलेल्या शहाण्णवांची ही शेवटचीच वर्षं. नियम त्यांच्यासाठी करायचा की त्या चौघांसाठी? घड्याळ हवं ते या शहाण्णवांना खेळायला मिळावं म्हणून.

घाई होते, शॉट वेडेवाकडे पडतात, अशीही तक्रार असते. पहिल्या महिन्यात पडले. मग हिशोब मांडून बघा. इथे 18 मिनिटांचे दोन हाफ, म्हणजे 2160 सेकंद. प्रत्येक वेळी पूर्ण 35 सेकंद वापरले तरी बासष्टच्या आसपास वेळा बॉल इकडून तिकडे जातो, टीमला तीस-एकतीस संधी. प्रत्यक्षात मुली पंधरा-वीस सेकंदांत शॉट मारून मोकळ्या होतात. सबंध मॅचमध्ये माझा भोंगा दोनदा वाजला तर डोक्यावरून पाणी. पाच सेकंद राहिले की मात्र बेंचवरच्या मुली एका सुरात मोजायला लागतात. 

पैशाची गोष्ट खरी आहे, पण ती लोक चुकीच्या ठिकाणी मांडतात. पाट्या, डबा, वायरिंग मिळून काही हजार डॉलर जातात. तेवढे कोणी दुकानदार भिंतीवर नाव लावून देतो. पाटी एकदा लागते, माणूस दर वेळी लागतो. गुणलेखक एक, खेळाचं घड्याळ सांभाळणारा एक, आता हा तिसरा. मुलांची मॅच, मुलींची मॅच, नोव्हेंबर ते मार्च. हिमवादळात सुद्धा. मी तिथे का बसते? दुसरं कोणी मिळालं नाही म्हणून. स्वतःच्या मुलीच्या मॅचला आईनं घड्याळावर बसू नये, हे मलाही कळतं. नववीच्या मुलांना घड्याळ लावा म्हणणाऱ्यांना मी म्हणते, आधी बसणारा दाखवा.

आणि हे काम दिसतं तेवढं सोपं नाही हो. शॉट गेला की सगळं जिम बॉल आत जातो का बघतं. मी रिंग बघते. कारण बॉल रिंगला चाटून गेला तर 35 करायचे, नुसता बोर्डाला लागून आला तर नाही. पहिल्या मोसमात एकदा मी लेकीचा शॉट बघत बसले. बॉल बोर्डाला लागला, तिच्याच मैत्रिणीनं झेलला, आणि मी सवयीनं लाल बटण दाबलं. शिट्टी वाजली. रेफरी चालत टेबलाशी आले, वाकले आणि हळूच विचारलं, ‘रिंगला लागला होता?’ दोनेकशे माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, मी बघितलं नाही. त्यांनी स्वतः आठवून आकडा दुरुस्त करायला लावला, आठ सेकंद. माझा कान रात्रभर गरम होता.

आता या जानेवारीतली एक मॅच सांगते आणि थांबते. आमच्या मुली एका गुणानं पुढे. बॉल आमचा. मोठ्या घड्याळात 40 सेकंद, माझ्या पाटीवर 35. या पाच सेकंदांच्या फरकात काय काय मावतं, ते टेबलावर बसल्याशिवाय कळायचं नाही. समोरच्या कोच बाई ओरडत होत्या, ‘फाउल नको, नुसतं अडवा!’ आणि त्या पोरींनी अडवलं. काय अडवलं म्हणून सांगू. आत जायला फट नाही, बाहेर पास द्यायला वाट नाही. बेंच मोजायला लागला. तीन. दोन. आमच्या मुलीनं वाकडंतिकडं होऊन शॉट मारला. मी रिंग बघत होते. लागला, स्वच्छ लागला, मी बटण दाबलं. उडालेला बॉल त्यांच्या उंच मुलीनं खेचला, सरळ पुढे फेकला, पुढची एकटी होती. भोंग्याच्या आत बास्केट. आम्ही एका गुणानं हरलो.

मी पाट्या विझवल्या, डब्याची वायर गुंडाळली. गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मग लेक म्हणाली, ‘आई, घड्याळ नसतं तर आज जिंकलो असतो.’

मी म्हटलं, ‘हो.’ आणि काचेवरचा बर्फ वितळायची वाट बघत बसलो दोघी.

नमस्कार.