घरं जिथे थांबतात

(दृश्य: दुमजली बसची पुढची काच. चढणीचा रस्ता.)

इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरातून नैर्ऋत्येला जाणारी बस पकडली आणि वरच्या मजल्यावर पुढच्या काचेशी जागा मिळाली, तर ती सोडू नका. आधी दुकानं, मग एकमेकांना चिकटलेली दगडी घरं, मग बागांची ऐसपैस घरं. एका वळणानंतर मात्र घरं संपतात. विरळ होत नाहीत, कात्रीनं कापल्यासारखी संपतात. पुढे गडगे, मेंढ्या आणि नजर जाईल तिथवर माळ.

पाच लाख वस्तीचं, पोलादावर पोसलेलं शहर असं आपणहून थांबत नसतं. त्याला थांबवावं लागतं. शेफिल्डला थांबवण्यात पुढे होती ती एक बाई.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. धुरांडी, भंगाराचे ढीग.)

एथेल वॉर्ड यांचा जन्म 1894 सालचा, इथल्याच एका श्रीमंत घरातला. वडिलांचा धंदा भंगार आणि पोलादाचा. पहिल्या महायुद्धात लष्करानं घोडे नेले, तेव्हा या वॉर्डसाहेबांनी प्राण्यांचे खेळ करणाऱ्यांकडून लिझी नावाची हत्तीण भाड्यानं आणली आणि शहराच्या रस्त्यांवरून लोखंड ओढायला जुंपली. आपल्या विषयाशी तिचा काही संबंध नाही, पण शेफिल्डची गोष्ट सांगायची आणि लिझीला वगळायचं, हे जमत नाही.

त्याच युद्धात, 1917 साली, एथेल यांचे पती कॅप्टन हेन्री गॅलिमोर मारले गेले. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, एथेल यांचं वय तेवीस. त्या दुःखात त्या शहराबाहेरच्या माळावर चालत राहिल्या. आणि जे पायांखाली आलं होतं, तेच विक्रीला निघालंय हे त्यांच्या लक्षात आलं.

1924 साली त्यांनी आजूबाजूचा निसर्ग जपण्यासाठी एक लहानशी स्थानिक संघटना काढली. दोन वर्षांनी लंडनमध्ये नगररचनाकार पॅट्रिक ॲबरक्रॉम्बी यांच्या पुढाकारानं ग्रामीण इंग्लंडच्या रक्षणासाठी देशपातळीवरची परिषद उभी राहिली. आज ती ‘सीपीआरई’ या नावानं ओळखली जाते. तिचं पहिलं भांडण होतं रस्त्याकडेच्या बांधकामांशी. मोटारी आल्या, हमरस्त्यालगतची जमीन बांधणाऱ्यांना आयती मिळाली आणि दोन्ही कडांना घरांची लांबच लांब रांग लागली. मागची शेतं दिसेनाशी झाली, गाव कुठे संपलं तेही कळेना. आपल्याकडच्या कुठल्याही हायवेवरून गेलेल्या माणसाला याहून जास्त सांगायला नको. 1935 मध्ये ब्रिटनमध्ये त्याविरुद्ध कायदा झाला. तोवर एथेल यांची संघटना या परिषदेची स्थानिक शाखा झाली होती.

(दृश्य: शहराबाहेरचा लाँगशॉ माळ. जांभळं फुललेलं हेदर नावाचं झुडूप. गवतात आडवी पडलेली दगडी चाकं.)

ही चाकं जवळून पाहा. जात्याच्या तळीसारखीच, पण छातीएवढ्या उंचीची. इथल्या खडकातून ती घडवली गेली. पुढे मागणी आटली आणि तयार माल होता तिथेच राहिला. एकावर शेवाळ चढलंय, एकाच्या भोकातून गवत वर आलंय.

हा माळ एका ड्यूकच्या शिकारीच्या जहागिरीतला. रविवारी कारखान्याची काजळी धुऊन आलेल्या कामगाराला इथे मज्जाव. राखणदार हाकलून देत. 1927 मध्ये जहागीर विकायला निघाली. एथेल यांनी वर्गणीची मोहीम काढली. लाँगशॉची 747 एकर जमीन राखली गेली आणि 1931 मध्ये अशा जागा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या हवाली झाली.

पण एकेक माळ विकत घेऊन कुठवर पुरणार? तेव्हा त्यांनी नकाशा पुढे ओढला. वास्तुविशारद जेराल्ड हेथॉर्नथ्वेट मदतीला आले. 1937 मध्ये दोघांनी लग्न केलं. शहराभोवतीच्या कोणत्या जमिनींवर बांधकाम नको, हे त्यांनी रेखाटलं आणि 1938 मध्ये शेफिल्डच्या हरित पट्ट्याला तात्पुरती मान्यता मिळाली. हरित पट्टा म्हणजे उद्यान नव्हे. जमीन शेतकऱ्याचीच राहते, नांगर चालतो, मेंढ्या चरतात. खास कारणाशिवाय नवी घरं मात्र उठत नाहीत. बसच्या काचेतून दिसलेली कात्री ती हीच.

सगळं श्रेय बैठकांना देऊ नये. 1932 मध्ये याच डोंगराळ मुलखात, किंडर स्काउट नावाच्या पठारावर, शेकडो तरुण बंदी मोडून चढले. त्यांतल्या पाच जणांना तुरुंगात जावं लागलं. वर्गणी आणि घुसखोरी, दोन्ही वाटा वेगळ्या वर्गांच्या होत्या. 1951 मध्ये हाच मुलूख, पीक डिस्ट्रिक्ट, ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा त्यामागे दोन्ही होत्या. आज शेफिल्ड शहराच्या हद्दीचा सुमारे तिसरा हिस्सा त्या उद्यानात आहे.

(दृश्य: भाड्याच्या घरांच्या पाट्या.)

हरित पट्ट्यांमुळे जमीन अडते, घरं महागतात, आणि खिडकीतून माळ दिसणाऱ्यांनाच तो वाचवायचा असतो, असा आरोप होतो. तो अगदीच खोटा नाही. 2024 च्या अखेरीस सरकारनं पट्ट्यातल्या काही जमिनींना ‘ग्रे बेल्ट’ म्हणत बांधकामाची वाट मोकळी केली. सीपीआरईचं उत्तर असं, की आधी शहरांतल्या ओसाड कारखान्यांच्या जागा वापरा. तिथे दहा लाखांहून अधिक घरं बसतील.

(दृश्य: रात्र. लाँगशॉवरून पूर्वेला दिसणारी शहराची नारिंगी झाक.)

घरांना हद्द घालता आली, उजेडाला ती कशी घालणार? म्हणून सीपीआरई दर फेब्रुवारीत लोकांना तारे मोजायला लावते. नक्षत्र आपल्या ओळखीचं, मृग. त्याचे चार पाय सोडायचे, पोटातल्या बाणाचे तीन धरायचे आणि चौकटीत नुसत्या डोळ्यांना दिसतील तेवढे मोजायचे. तीसच्या वर गेलात तर खरा काळोख. दहाच्या आत राहिलात, तर दिवे फार झाले.

(कॅमेरा वर. मृग. आवाज नाही.)