रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय, म्हणजे मेंदूत अळी आहे का?

लोक रिपोर्ट घेऊन येतात, त्यावर ‘सिस्टिसर्कस (डुकराच्या टेपवर्मची अळी) आयजीजी पॉझिटिव्ह’ असं छापलेलं असतं आणि चेहरा पार उतरलेला, डोक्यात अळ्या वळवळतायत असंच धरून चाललेले असतात. तर आधी हे ऐका, ही टेस्ट अळी शोधतच नाही. ती शोधते अळीविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी, आयजीजी हा त्यांचाच एक प्रकार. म्हणजे या अळीशी तुमच्या शरीराचा कधी सामना झाला होता का, एवढंच ती रक्ताला विचारते. कधी, आणि अळी अजून आहे की मेली, ते रक्त सांगत नाही.

दुसरं म्हणजे ‘आम्ही डुकराचं मांस खातच नाही हो’. बरोबर आहे, पण कच्चं राहिलेलं मांस खाल्लं तर आतड्यात मोठा टेपवर्म होतो, मेंदूत जाते ती अळी येते अंड्यातून, आणि अंडी येतात टेपवर्म असलेल्या माणसाच्या शौचातून, न धुतलेल्या हातांवरून, पाण्यातून, जेवणातून. न्यूयॉर्कमध्ये डुकराला शिवतही नाहीत अशा ऑर्थोडॉक्स ज्यू घरांत हा आजार निघाला, 1992 मध्ये ते प्रसिद्ध झालं, माग निघाला तो घरकामाला असणाऱ्यांपर्यंत.

आता टेस्ट. स्वस्त आणि सगळीकडे मिळणारी ती एलायझा, अँटिबॉडी शोधायची एक पद्धत. अळी शरीरात पाणी भरलेल्या गाठीत राहते, आणि एलायझाच्या बऱ्याच किटमध्ये त्या गाठीतला सगळा ऐवज तसाच वापरतात, त्यात दुसऱ्या कृमींशी जुळणारी प्रोटीन्स पण येतात, मग हायडॅटिडचा (दुसऱ्याच एका टेपवर्मच्या गाठींचा आजार) पेशंटसुद्धा यात पॉझिटिव्ह दिसू शकतो. हिशोब करून बघा ना, समजा 1000 जणांत खरे आजारी 10 आणि टेस्ट निरोग्यांपैकी 10 टक्क्यांना उगाच पॉझिटिव्ह म्हणते, तर 99 जण खोटे पॉझिटिव्ह! दहा खऱ्यांसाठी नव्व्याण्णव घाबरलेले.

म्हणून 1989 मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेत त्सांग आणि सहकाऱ्यांनी ब्लॉट आणला, ईआयटीबी म्हणतात त्याला. अळीची निवडक ग्लायकोप्रोटीन्स (साखर जोडलेली प्रोटीन्स) वेगळी काढायची, जेलमध्ये वजनाप्रमाणे पांगवायची, कागदासारख्या पडद्यावर उतरवून घ्यायची, त्याच्या बारीक पट्ट्या कापायच्या. मग पट्टी ट्रेच्या खाचेत, वरून पेशंटचं सीरम (रक्तातला पेशी काढलेला पातळ भाग), धुवा, रंग घाला, की एकेक रेघ वर यायला लागते. कधी ठसठशीत, कधी इतकी फिकट की पट्टी उजेडाकडे धरून दोघांनी बघावी लागते. ठरलेल्या सात रेघांपैकी एक जरी दिसली तरी पॉझिटिव्ह. दोन किंवा जास्त जिवंत गाठी असतील तर ही क्वचितच चुकते, आणि सीएसएफपेक्षा (मेंदू-मणक्याभोवतीचं पाणी) रक्तावर चांगली चालते, म्हणजे पाठीत सुई टोचून घ्यायची गरज निदान या टेस्टसाठी तरी नाही.

पण मेंदूत एकच गाठ असेल किंवा गाठी चुन्यासारख्या घट्ट झाल्या असतील तर हीच टेस्ट बऱ्याचदा निगेटिव्ह येते. फिट आलेल्या माणसाला ‘रक्त क्लिअर आहे, जा घरी’ सांगणं मला तरी पटत नाही. सीटी आणि एमआरआय दोन्ही बघा, सीटीवर चुना दिसतो, एमआरआयवर गाठीतलं अळीचं डोकं, पांढऱ्या ठिपक्यासारखं. 2017 च्या अमेरिकन गाइडलाइन्समध्ये पण हेच आहे, इमेजिंग दोन्ही, खात्रीला ब्लॉट, आणि कच्च्या अँटिजेनची, म्हणजे सगळा ऐवज तसाच वापरणारी, एलायझा नको.

आणि उपचारानंतर दर महिन्याला अँटिबॉडी तपासू नका हो, अळी मेली तरी त्या वर्षानुवर्षं राहू शकतात. गाठी बऱ्याच असतील आणि औषध लागू पडतंय का बघायचं असेल तर अँटिजेनची टेस्ट वेगळी असते, ती जिवंत अळीने रक्तात सोडलेला माल पकडते आणि अळ्या मेल्या की तो आकडा उतरतो.