दोनाचा हातचा

श्रोतेहो, नमस्कार. आज मला जिल्हा परिषदेच्या शाळांवर बोलायला सांगितलंय. या शाळांवर सरकारनं पैसा घालावा असं लोकांना मनापासून वाटायला हवं, ते कसं वाटेल, असा विषय आहे. केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारा माणूस, म्हणून मी बारा वर्षं शाळा हिंडलो, तेव्हा आकडे थोडे आणि गोष्ट जास्त सांगणार, हे आधीच कबूल करतो.

आकडे उरकून घेऊ. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च शिक्षणावर करा, असं कोठारी आयोगानं १९६६ साली सांगितलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही तेच ६ टक्के आहेत. त्याआधी, १९१७ साली, शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना १ रुपया दंड! आता गावोगाव उलटं झालंय. सकाळी खासगी शाळेची पिवळी गाडी येते, हॉर्न वाजवते आणि बाप महिन्याला हजार-दीड हजार मोजून मूल आत बसवतो. एप्रिलच्या उन्हात त्या पोरांच्या गळ्यात टाय असतो. टायचं आणि शिक्षणाचं नातं काय, ते मला आजवर कुणी समजावून दिलेलं नाही. असो.

तर गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही. दोन शिक्षकी शाळा, पट ४३. एका वर्गाचं छत गळायचं, पावसाळ्यात दुसरी आणि चौथी एकाच खोलीत बसायची. ‘शाळेला पैसे येतात, पण जातात कुठं?’ हे पारावरचं रोजचं वाक्य. मुख्याध्यापिका बाई ते ऐकून कंटाळल्या. एका शनिवारी त्यांनी अडगळीतला लाकडी फळा धुतला, पारावरच्या पिंपळाला टांगला आणि त्यावर हिशेब लिहिला. जमा, संयुक्त शाळा अनुदान (शाळेच्या किरकोळ खर्चासाठी सरकारकडून वर्षाला येतं ते) २५ हजार. खाली खर्च : वीजबिल १,८६०, खडू-डस्टर ४८०, नळाच्या तोट्या ३७०. एकूण खर्च २,५१०.

पहिले दोन दिवस कुणी ढुंकून पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी पारावरचे एक आजोबा उठले. याच शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. फळ्यापुढे उभे राहून बोटांवर मोजत राहिले आणि बाई दिसताच ओरडले, ‘‘बाई, दोनाचा हातचा कुठं गेला?’’

बाईंनी पाहिलं. साठ, ऐंशी आणि सत्तर, दोनशे दहा, दोन हातचे. ते धरायचेच राहिले होते. खर्च २,५१० नव्हे, २,७१०! पोरं टाळ्या पिटायला लागली. कुणीतरी म्हणालं, ‘‘बाईंनी खाल्ले असते तर खर्च वाढवून लिहिला असता, यांनी तर २०० कमी लिहिलेत.’’ बाईंनी सगळ्यांसमोर पुसून बरोबर आकडा लिहिला. त्या दिवसापासून दर शनिवारी फळ्यापुढे गर्दी. हातचा तपासायला, दुसरं काय!

ऐकलंत ना, हिशेब दिसला. आधी हिशेब दिसला, मग माणसं जवळ आली.

श्रावणात छताचा विषय निघाला. दोघा-तिघांनी वर्गणी काढायची तयारी दाखवली. (वर्गणीला माझा विरोध नाही, पण पंखा द्यायचा आणि तिन्ही पात्यांवर आपलं नाव रंगवून घ्यायचं, ही रीत मला पाहवत नाही. पंखा चालू असताना ते नाव वाचणार कोण?) तर आजोबा म्हणाले, ‘‘तोट्या आपण बसवू. छत सरकारचं काम. आपण पट्टी भरतो, चहाच्या पुड्यापासून मोटारसायकलपर्यंत कर भरतो. मागायचं ते मागू.’’ १८८२ साली हंटर आयोगापुढे, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढे, जोतीराव फुल्यांनी दुसरं काय मांडलं होतं? महसूल भरते रयत, आणि तिच्याच पोरांच्या शिक्षणाची आबाळ.

शाळेचा कारभार पाहणारी पालकांची समिती असते, शाळा व्यवस्थापन समिती, तिची पाच माणसं तालुक्याला निघाली, सोबत फळा घेऊन. एसटीच्या दारातून फळा जाईना. शेवटी आडवा करून, तिरका करून दोन सीटांच्या मधल्या वाटेत उभा केला. कंडक्टर म्हणाला, ‘‘लगेजचं तिकीट पडेल. ३५ रुपये.’’ बरीच हुज्जत झाली, तिकीट फाडलं, आणि आजोबांनी तिथंच खिशातला खडू काढून फळ्यावर लिहिलं : फळ्याचा प्रवास ३५. पूर्ण गाडी तो फळा वाचत होती. पुढच्या थांब्यावर चढलेली एक बाई, कडेवर पोर, निरखून बघत होती. म्हणाली, ‘‘आमच्याबी शाळेला एवढं येतं का हो?’’

पंचायत समितीत साडेतीनपर्यंत बसवलं. मग साहेबांनी फळा भिंतीला टेकवायला सांगितला, पेन काढलं आणि स्वतः बेरीज केली. म्हणाले, ‘‘बरोबर आहे.’’ छत लगेच झालं नाही हं. हेलपाटे झाले, एकोणीस महिने गेले. पण प्रत्येक हेलपाट्याला नवी माणसं सोबत होती, आणि त्यांतल्या चौघांची पोरं पिवळ्या गाडीतून उतरून परत शाळेत आली होती.

तर पुन्हा सांगतो, हिशेब दिसला पाहिजे. गावाची वर्गणी तोट्यांपुरती; वर्गखोली, शिक्षक, वीज हे सरकारकडून, आणि ते मागायला गावच उभं राहिलं पाहिजे. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्यात, समितीत निम्म्या बायका हव्यात, ती बैठक कशी बोलवायची हे सगळं सांगायचं होतं. पण स्टुडिओतले आमचे मित्र काचेपलीकडून दोन बोटं दाखवताहेत. दोनच मिनिटं उरली म्हणे. मला आपला दोनाचा हातचाच आठवला.

येत्या शनिवारी शाळेत जा आणि यंदा किती आले, एवढंच विचारा. फळा नसेल तर खडू तुम्ही घेऊन जा. नमस्कार.