गॅस संपत नसतो: उन्हाळ्याआधी एसी आणि कूलरची तयारी

ही जाळी बघा. काल ज्या घरी सर्व्हिसला गेलो होतो तिथल्या काकूंना विचारून न धुता आणली आहे. ट्यूबलाइटसमोर धरतो. मागच्या रांगेतल्यांना पलीकडचा उजेड दिसतो का? नाही दिसत. एसीला या जाळीतूनच खोलीतली सगळी हवा ओढायची असते. मागच्या पावसाळ्यात एसी बंद केला, तेव्हापासून या जाळीला कोणी हात लावलेला नाही. आता फेब्रुवारी संपत आला, दुपारचं ऊन आत्ताच टोचायला लागलंय. तरी आपल्या नागपुरात एसीची आठवण येते ती एप्रिलमध्ये, पहिली रात्र तळमळत काढल्यावर.

तीस वर्षं मी हेच काम करतोय. आयटीआयला रेफ्रिजरेशनचा ट्रेड केला, तेव्हा आमचे सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, थंडी नावाची वस्तू नसते, उष्णता असते आणि ती हलवायची असते. आज जे सांगणार आहे ते सगळं या एका वाक्यातून निघतं. एसी थंडी तयार करत नाही. तो हमाल आहे. खोलीतली उष्णता उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची, एवढंच त्याचं काम. आतल्या कॉइलमध्ये द्रव असतो, तो कमी दाबाखाली उकळतो आणि उकळताना खोलीतली उष्णता घेतो. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, ती तापते, मग बाहेरच्या कॉइलमध्ये उष्णता सोडून पुन्हा द्रव होते. तोच माल, ज्याला आपण गॅस म्हणतो, गोल गोल फिरत राहतो.

आता मे महिन्यातली दुपार डोळ्यांसमोर आणा. बाहेर ४५ अंश. उष्णता गरम वस्तूकडून कमी गरम वस्तूकडे जाते, म्हणजे बाहेरच्या कॉइलमधला गॅस ४५ पेक्षा बराच गरम असल्याशिवाय ती बाहेर जाणारच नाही. तो ५५-६० अंशांपर्यंत तापवावा लागतो, तेव्हा कुठे हमालाच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. त्या कॉइलच्या पातळ पत्र्यांवर, ज्यांना आम्ही फिन म्हणतो, वर्षभराची धूळ, कबुतराची पिसं आणि शेजारच्या बांधकामाचं सिमेंट बसलेलं असेल, तर गॅस आणखी तापवावा लागतो. कॉम्प्रेसर जास्त जोर लावतो, जास्त करंट ओढतो, स्वतः तापतो आणि शेवटी जीव वाचवायला बंद पडतो. तासाभराने आपोआप सुरू होतो. म्हणून लोकांचा फोन येतो, ‘भाऊ, रात्री मस्त चालतो, दुपारी तीनला बंद पडतो, गॅस संपला वाटतं.’ गॅस संपलेला नसतो. बाहेरचा डबा गुदमरलेला असतो.

हे मी वारंवार सांगतो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त पैसे याच एका गैरसमजापायी जातात. गॅस हे पेट्रोल नाही. मशीन चालताना तो जळून संपत नाही, झिजत नाही. नळी धड असेल तर पहिल्या दिवशी भरलेला गॅस पंधरा वर्षांनीही तेवढाच असतो. कमी झाला याचा अर्थ एकच, कुठेतरी गळती आहे.

एका घरी तीन वर्षं दर एप्रिलला गॅस भरला जात होता. दर वर्षी नवा माणूस, दर वर्षी नवे पैसे. मला बोलावलं तेव्हा मी मीटर बाहेरच काढला नाही. आधी आउटडोअरच्या, म्हणजे बाहेरच्या डब्याच्या, बाजूला, जिथे तांब्याची नळी पितळी नटाने जोडलेली असते, तिथे बोट फिरवलं. बोटाला काळं, चिकट तेल लागलं. गॅससोबत कॉम्प्रेसरचं थोडं तेलही नळीतून फिरत असतं. गॅस निसटला की तेल तिथेच पाझरतं, त्यावर धूळ बसते आणि काळा डाग राहतो. साबणाचं पाणी लावलं, तर मुंगीच्या डोक्याएवढे बुडबुडे, सावकाश, एकामागून एक. नळीचं तोंड पसरताना त्याला चीर गेली होती. ते कापून नवीन केलं. त्या घराला गॅस कधीच नको होता, हवा होता अर्धा तास कोणीतरी नीट बघणारा.

नीट गॅस भरणं म्हणजे काय, हेही सांगतो, म्हणजे उभं राहून करून घेता येईल. आधी गळती शोधायची. त्यासाठी नळीत नायट्रोजन दाबाने भरायचा. ऑक्सिजन कधीच नाही. आतल्या तेलाशी दाबाखालचा ऑक्सिजन भिडला की स्फोट होतो. गळती बंद केल्यावर व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढायची. मग मशीनच्या पाटीवर जेवढे ग्रॅम लिहिले आहेत तेवढाच गॅस काट्यावर तोलून भरायचा. नव्या मशीनमध्ये बहुतेक आर-३२ असतो आणि तो थोडा ज्वलनशील आहे, म्हणून आत गॅस असताना नळीला झाळकामाची पेटती टॉर्च लावू द्यायची नाही. या सगळ्याला दोन-तीन तास लागतात. पंधरा मिनिटांत ‘टॉपअप’ करून जो जातो, तो तुमची गळती तशीच ठेवून जातो.

आणि इथेच कुठल्या महिन्यात काम करून घ्यायचं हा प्रश्न येतो. मे महिन्यात माझ्याकडच्या पोरांना दिवसाला दहा-दहा घरी जावं लागतं. दोन तासांचं काम कोण कधी करणार? ज्या सज्जावर उभं राहून आउटडोअर धुवायचा, तो दुपारी हात ठेववत नाही इतका तापतो. चौथ्या मजल्यावर, पट्टा न बांधता, एका हाताने ग्रिल धरून वाकलेली पोरं मी पाहिली आहेत. घाई असते, खालून मालक ओरडत असतो, पुढच्या घरचा फोन वाजत असतो. माझ्या ओळखीतला एक असाच पडला. वाचला, पण त्याने पुन्हा शिडी चढली नाही. काम होळीच्या आत करून घ्या असं मी सांगतो, ते तुमच्यासाठी आणि तितकंच सज्जावर उतरणाऱ्या पोरासाठी. कोणीही सज्जावर उतरला की त्याला आधी विचारा, पट्टा कुठे आहे?

घरी तुम्ही स्वतः काय कराल? जाळ्या काढून साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. भर उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी. पण जाळी धुऊनही हवा कमी येत असेल, तर आतल्या ब्लोअरच्या, म्हणजे हवा फेकणाऱ्या पंख्याच्या, पात्यांवर टॉर्च मारून बघा. तिथे ओलसर काळा थर धरतो, तो जाळी धुऊन जात नाही, त्याला मेकॅनिकच हवा. ड्रेन, म्हणजे एसीतलं पाणी बाहेर सोडणारी नळी, तपासायला तांब्याभर पाणी आतल्या ट्रेमध्ये हळूहळू सोडायला लावा आणि बाहेर नळीतून तेवढंच येतं का बघा. शेवाळ धरून ती नळी तुंबते आणि मग भिंतीवरून पाणी ओघळतं.

कॉइलवर बर्फ धरला की काही लोक खूश होतात, जोरात कूलिंग आहे म्हणून. उलटं आहे. हवा कमी पडली किंवा गॅस कमी झाला की बर्फ धरतो. आधी जाळी तपासा, मग गॅसवर संशय घ्या. बर्फ चाकूने, स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नका. नुसता पंखा चालू ठेवून वितळू द्या. कॉइलला एक भोक पडलं तर हजारो रुपये जातात.

सर्व्हिस झाल्यावर साधा थर्मामीटर घ्या. मशीन पंधरा-वीस मिनिटं चालू द्या, मग आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा मोजा. आपल्या कोरड्या हवेत ८ ते १२ अंशांचा फरक दिसला तर काम झालं. मेकॅनिक घरात असतानाच मोजा. प्लगलाही हात लावून बघा. कोमट ठीक, चटका बसत असेल तर सॉकेट बदला.

आता कूलर. नागपुरात कूलरबद्दल न बोलता बसलो तर माझ्या आईलाही पटणार नाही. आपली हवा कोरडी, म्हणून पाणी भराभर उडतं आणि कूलर इथे राजा आहे. मुंबईच्या दमट हवेत तोच कूलर नुसता घाम वाढवतो. गवत किंवा वाळ्याच्या ताट्या दर वर्षी बदला, जुन्यांवर क्षार बसून पाणी झिरपत नाही. टाकी नुसती रिकामी करू नका, बाजू ब्रशने घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेपाशी भिंतीला चिकटतात आणि कोरड्या टाकीत महिनोन्‌महिने तग धरतात. कूलर गच्चीवरून खाली आणून पाणी भरलं की ती जागी होतात. उन्हाळाभर आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण कोरडी करून घासा.

आणि करंट. पत्र्याचा कूलर, पाण्यात बुडालेला पंप, वर्षभर गच्चीवर उंदरांनी कुरतडलेली वायर, ओली फरशी, अनवाणी मूल. दर उन्हाळ्यात आपल्या विदर्भात या एका गोष्टीने माणसं जातात. पाणी भरताना प्लग काढायचा, बटण बंद करून भागत नाही. अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवा. एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की पडणारा स्विच, वेगळा, तो वायर वाचवतो. आरसीसीबी माणूस वाचवतो.

बाहेर व्हरांड्यात एक इनडोअर आणि एक आउटडोअर उघडून ठेवला आहे. या, पितळी नट बघा, बोट फिरवून बघा. एका नटाला मी गळती तशीच ठेवली आहे, साबणाचं पाणी शेजारी आहे. कुठला नट, ते तुम्ही शोधायचं.