औषध तेच, तास वेगळा

गिम्सा रंग दिलेली ही रक्ताची काचपट्टी. लाल पेशीच्या आत एक बारीक निळं कडं दिसतं, कडेला गडद लाल ठिपका. हा प्लाझमोडिअम फाल्सिपेरम, मलेरियाचा सर्वांत घातक परजीवी. पेशीत शिरून त्याला काहीच तास झालेत. या अवस्थेला रिंग म्हणतात.

रक्तातलं त्याचं चक्र साधारण ४८ तासांचं. सुरुवातीचे अठरा-वीस तास तो जेमतेम खातो. मग वाढून ट्रोफोझोइट, म्हणजे खाणारी अवस्था, होतो आणि हिमोग्लोबिनवर तुटून पडतो. हिमोग्लोबिन पचलं की हीम, म्हणजे त्यातला लोह असलेला भाग, उरतो, आणि मोकळं हीम त्याच्याच जिवावर उठतं. म्हणून तो त्याचे हिमोझोइन नावाचे तपकिरी स्फटिक करून ठेवतो. क्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध नेमकं हेच अडवतं. साहजिकच, जो परजीवी फारसं खात नाही, त्याच्यावर ते फारसं चालत नाही.

आर्टेमिसिनिन या मलेरियाच्या दुसऱ्या औषधाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. हीममधल्या लोहाशी गाठ पडली तरच ते सक्रिय होतं आणि परजीवीची प्रथिनं निकामी करतं. कोवळी रिंगही थोडं हिमोग्लोबिन पचवते. एरवी तेवढं हीम पुरतं. पण परजीवीच्या केल्च-१३ जनुकात ठरावीक बदल झाले, की रिंग हिमोग्लोबिन आत घेणंच कमी करते. हीम कमी, म्हणून औषधाचा मारा कमी. शरीरात औषध काही तासच टिकतं. तेवढा वेळ वाढ रोखून परजीवी तग धरतो.

ही तग प्रयोगशाळेत मोजता येते. पक्व परजीवी वेगळे काढून त्यांना ताज्या लाल पेशींत तीन तास सोडतात. मग सॉर्बिटॉल या साखरेसारख्या पदार्थाचं ५ टक्के द्रावण. मोठा परजीवी पेशीच्या पटलात नवे मार्ग उघडतो. त्यांतून सॉर्बिटॉल आत शिरतं आणि पेशी फुटते. रिंग असलेल्या पेशींत ते मार्ग अजून नसतात, म्हणून त्या वाचतात. या ०–३ तासांच्या रिंगना डायहायड्रोआर्टेमिसिनिन (आर्टेमिसिनिनचंच सक्रिय रूप) ७०० नॅनोमोलर इतक्या प्रमाणात ६ तास देतात, धुऊन काढतात, आणि आणखी ६६ तासांनी मोजणी करतात. औषधाविना वाढवलेल्या जोडीच्या तुलनेत १ टक्का किंवा जास्त परजीवी जगले, तर प्रतिरोधाचा, म्हणजे परजीवी औषधाला दाद देत नसल्याचा, संशय पक्का. इथे घाई नडते. वयाने मोठे परजीवी मिसळले किंवा धुताना औषध मागे राहिलं, तर जगणाऱ्यांचा आकडा खोटाच खाली येतो आणि प्रतिरोध नजरेतून निसटतो.

काही परजीवी मात्र रक्तातलं हे चक्र सोडून गॅमेटोसाइट, म्हणजे डासात जाणारी अवस्था, होतात. दहा-बारा दिवसांत ते चंद्रकोरीसारखे लांबट होतात, हिमोग्लोबिन पचवणं थांबवतात, आणि डासाच्या पोटातल्या आयुष्याच्या तयारीने त्यांच्या माइटोकॉन्ड्रियाचं (पेशीतल्या ऊर्जाघराचं) काम वाढतं. क्लोरोक्विनला इथे धरायला काही उरतच नाही. ताप उतरतो, रुग्णाला बरं वाटतं, पण डासाला संसर्ग होऊ शकतो. म्हणूनच संसर्ग पुढे जाऊ नये यासाठी मुख्य उपचाराच्या जोडीला प्रायमाक्विनचा एकच छोटा डोस देतात: वजनाच्या किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १५ मिलिग्रॅम. गरोदर स्त्रिया आणि सहा महिन्यांखालच्या बाळांना तो देत नाहीत.