गोदावरीवर चतुर उडतायत, म्हणजे पाणी शुद्ध?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच कमेंट सारखी येतेय: "दादा, सोमेश्वरला एवढे चतुर घिरट्या घालतात, मग पाण्यात विषारी धातू कसे असतील?" सातपूर-अंबडसारख्या कारखान्यांच्या वसाहती असलेल्या आपल्या नाशिकमध्ये हा प्रश्न पडायलाच हवा.

चतुर आणि मेफ्लाय नावाचे छोटे उडते किडे, यांचं बालपण पाण्यात जातं, धातू कुजून संपत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहेच. पुढे जाऊ.

धातू किड्याच्या अंगात शिरतो तो बराचसा खाण्यातून. नदीतला दगड उचलला की बोटांना बुळबुळीत लागतं ना? शेवाळ आणि जिवाणूंचा तो थर पाण्यातला धातू धरून ठेवतो, आणि मेफ्लायच्या अळ्या नेमका तोच खरवडून खातात. म्हणून बाटलीभर पाण्याचा रिपोर्ट चांगला आला, तरी अळीत कॅडमियमसारखा विषारी धातू साठलेला असू शकतो.

आता नीट ऐका, इथेच गल्लत होते. पंख फुटताना किडा कात टाकतो, आतडंही रिकामं करतो. कॅडमियम, शिसं यांचा बराचसा भाग तिथेच मागे राहतो. मिथाइल पारा मात्र राहत नाही. ऑक्सिजन नसलेल्या गाळात जिवाणू पाऱ्याचं हे रूप बनवतात. ते प्रथिनांना चिकटतं आणि किड्याबरोबर उडून जमिनीवर येतं.

म्हणजे उडत्या चतुरात कॅडमियम कमी सापडलं, म्हणून नदी निर्दोष ठरत नाही. ते अळीत, गाळात शोधा.

पाऱ्याचं उलटं. किड्यापेक्षा किडे खाणाऱ्या कोळ्यात, वटवाघळात, भिंगरी पक्ष्यात तो जास्त सापडतो. "सगळेच धातू अन्नसाखळीत वाढत जातात" हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका. मला तो रोज येतो आणि रोज चीड येते!

बरं, कॅडमियम मागे राहिलं म्हणून पक्षी सुटले का? नाही. मेफ्लायच्या अळ्या धातूंना फार नाजूक. त्याच मेल्या तर उडणार काय? नांदूर मधमेश्वर, आपल्या राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), याच गोदावरीवर खाली आहे. तिथल्या भिंगऱ्यांना विष पोचण्याआधी उपासमार पोचू शकते. चतुर त्या मानाने चिवट; ते दिसले म्हणून मेफ्लाय आहेत असं धरू नका.

सिंहस्थाच्या निमित्ताने पाण्याचे रिपोर्ट फिरतीलच. कुणी दाखवला तर एवढंच विचारा: गाळ तपासला का? दगडावरचा थर? अळ्या? उत्तर काय मिळालं ते कमेंटमध्ये लिहा, मी वाचतो.